मागून कुणीतरी बघा

गाडीच्या उघड्या दारातून दोन पाय बाहेर आलेत. टाचा भेगाळलेल्या, पोटऱ्यांवर ग्रीसचे डाग. चपला खाली रस्त्यावर जोडीने काढून ठेवल्यात, देवळाच्या पायरीशी ठेवाव्यात तशा. बाकीचा माणूस आत आहे. पाठ सीटच्या कडेवर, डोकं पेडलांपाशी, दातांत बारकी टॉर्च. एक रिक्षा त्या पायांपासून वीतभर अंतर ठेवून निघून जाते. पाय हलत नाहीत.

"बघ रे मागं."

गाडीमागे उभा असलेला, नुकतं मिसरूड फुटलेला पोरगा वाकतो. "नाही."

"आता?"

"नाही, उस्ताद."

आत काहीतरी लोखंड लोखंडावर पडतं. पाय जरा वळतात, एक अंगठा दाराच्या चौकटीत रुततो आणि सगळं पुन्हा गप्प.

नाना पेठ. मे महिना. अकरा वाजतायत आणि डांबर आत्ताच चपलेखाली मऊ लागतंय. माझी गाडी तिसरी आहे. रांग म्हणावी अशी रांग नाही. आज ज्या बाजूला पार्किंग आहे त्या बाजूला, जिथे फट मिळेल तिथे गाड्या घुसवलेल्या आहेत. पुण्याची ही जुनी रीत: सम तारखेला रस्त्याची एक बाजू, विषम तारखेला दुसरी. खांबांवर पी-१, पी-२ अशा पाट्या. इथले फुटपाथवरचे मिस्त्री सकाळी आधी तारीख बघतात आणि मग आपलं दुकान या काठावर मांडायचं की त्या, ते ठरवतात. दुकान म्हणजे एक लोखंडी पेटी, एक स्टूल, एक जुनी बॅटरी आणि वायरींचं भेंडोळं.

माझ्या गाडीचं दुखणं मला एका अनोळखी मुलाने सांगितलंय. तासाभरापूर्वी, सेव्हन लव्हज चौकातल्या सिग्नलला. मोटरसायकलवरून त्याने काचेवर टकटक केली. "काका, ब्रेकची लाईट लागत नाहीये. एकपण नाही." सिग्नल सुटला, तो गेला. आभार मानायलाही सापडला नाही. किती दिवसांपासून लागत नव्हती, देव जाणे. हॉर्न बिघडला तर आपल्याला ऐकू येतं, वायपर बिघडला तर दिसतं. हा दिवा मात्र ज्याचा असतो त्याला कधी दिसतच नाही. चौकातून निघाल्यावर मी आपण ब्रेक किती वेळा दाबतो ते मोजायला लागलो. रामोशी गेट मागे पडेपर्यंत चाळीसवर आकडा गेला आणि नाद सोडला. प्रत्येक वेळी आरशात मागचा माणूस. त्याला काही माहीत नाही.

उस्तादांचा पहिला प्रश्न साधा असतो. "एक बाजू गेलीय का तिन्ही?"

तिन्ही.

"मग बल्ब नाही." हे ते बाहेर न बघताच सांगतात. एक बल्ब जाईल, फार तर दोन जातील. डावा, उजवा आणि काचेतला मधला, तिघे एका सकाळी मरत नाहीत. तरी पोरगा सवयीने माझी डिकी उघडतो, दिव्याची वाटी सोडवतो, बल्ब काढून उन्हात धरतो. डबल पॉइंटचा बल्ब. आत दोन तारा, ५ वॅटची आणि २१ वॅटची. बारकी रात्री टेललाईटला जळते, जाडी ब्रेकला. बुडाशी दोन खिळे आहेत, मुद्दाम खाली-वर बसवलेले, म्हणजे बल्ब उलटा बसू नये. दोन्ही तारा शाबूत. तो बल्ब शर्टाला पुसतो आणि परत बसवतो.

मग फ्यूज. स्टिअरिंगखालचं झाकण निघतं, रंगीत गोळ्यांसारखे फ्यूज ओळीने दिसतात. लाल १०चा, निळा १५चा, पिवळा २०चा. पोरगा चिमट्याने एक उपटतो, आभाळाकडे धरतो. आतली पट्टी अखंड आहे.

"आता स्विचच राहिला," तो मला म्हणतो. मोठ्या माणसासारखा.

पण उस्ताद अजून पहिल्या गाडीत आहेत. थांबायचं.

थांबणं हे इथलं मुख्य काम आहे. सावली फक्त दुकानांच्या ताडपत्र्यांखाली, आणि ती दुकानदारांची. आम्ही गिऱ्हाईकं भिंतीला धरून सरकत राहतो, सावली सरकेल तशी. कुठेतरी कंप्रेसर सुरू होतो आणि बोलणं बंद पडतं. तो थांबतो, मग हातोडीचा आवाज येतो, मग कुणीतरी नवा हॉर्न तपासतो, चार वेळा, प्रत्येक वेळी आधीपेक्षा लांब. वायरीचं प्लास्टिक जळल्याचा वास. त्यात पलीकडच्या अमृततुल्यातून खलबत्त्यात आलं कुटल्याचा. मोटरसायकलींची चाकं खांबाला हारासारखी लटकलीत. एका दुकानाबाहेर नुसत्या आरशांचा ढीग आहे आणि त्यात येणारं-जाणारं प्रत्येक जण तुकड्यातुकड्यांनी दिसतं. आषाढी वारीत तुकोबांची पालखी मुक्कामाला थांबते ते निवडुंग्या विठोबाचं देऊळ याच पेठेत आहे. आज या रस्त्यावरून चालणारे सगळे हातात कसला तरी तुटका भाग घेऊन चाललेत.

पहिली गाडी पांढरी आहे, भाड्याची. तिचं दुखणं माझ्या उलट. दिवे लागतात, विझत नाहीत. ड्रायव्हर स्टुलावर बसून सांगतोय. रात्री सोसायटीबाहेर गाडी लावली, सकाळी बॅटरी झोपलेली. वॉचमन म्हणाला, रात्रभर मागे लाल उजेड होता की.

आतून एक हात बाहेर येतो. तळव्यावर पिवळसर, चुरचुरीत तुकडे. खारीचा चुरा असावा तसे.

"मॅटवर पडलेलं," उस्ताद म्हणतात. "झाडून टाकलं असतंत तर कळलंच नसतं."

ते स्टॉपरचे तुकडे आहेत. पेडलाच्या दांड्याला एक भोक असतं, त्यात बोटाच्या पेराएवढा रबराचा किंवा प्लास्टिकचा ठोकळा बसवलेला. स्विचचं बोंड याच ठोकळ्यावर टेकतं. दहा-बारा उन्हाळ्यांत ठोकळा वाळतो, तडकतो आणि एक दिवस गळून पडतो. मग बोंड मोकळ्या भोकातून आरपार जातं आणि स्विचला वाटत राहतं, ब्रेक दाबलेलाच आहे.

हे कळायला स्विचचं काम कळावं लागतं, आणि ते उलटं आहे. घरातला फ्रिज आठवा. दार बंद असतं तेव्हा बटण दाबलेलं असतं आणि दिवा बंद. दार उघडलं की बटण सुटतं आणि दिवा लागतो. इथे दाराच्या जागी पेडल. पाय नसतो तेव्हा पेडल वर येऊन बोंड दाबून धरतं. पाय पडला, पेडल खाली गेलं, बोंड सुटलं, दिवे लागले. म्हणजे गाडी धावत असते तेव्हा हा स्विच दाबलेला असतो, आणि आपण ब्रेक दाबतो तेव्हा तो मोकळा होतो. जुन्या कित्येक गाड्यांत तो पेडलापाशी नसेच. ब्रेकच्या तेलाच्या नळीवर बसे आणि तेलाचा दाब वाढला की आतले काटे जुळत.

पांढऱ्या गाडीला नवा स्विच लागत नाही. पोरगा धावत जातो आणि स्टॉपर घेऊन येतो. २० रुपये. उस्ताद तो ओला करून अंगठ्याने भोकात दाबतात. टप् आवाज येतो.

"बघ रे मागं."

"विझली!"

ड्रायव्हर खूश. इतकं करून २० रुपयांचा माल, हे त्याला पटायला मात्र वेळ लागतो. तो तळव्यावरचे तुकडे कागदात बांधून घेतो. मालकाला दाखवायला.

दुसरी गाडी एका तरुण मुलीची आहे. ऑटोमॅटिक. सकाळी तिने गाडी चालू केली आणि गिअरची दांडी पी-वरून हलेचना. ब्रेक दाबला, सोडला, परत दाबला. शेवटी फोनवर व्हिडीओ बघून तिने दांडीशेजारचं बारकं झाकण उचकटलं, आत चावी खुपसून दांडी सोडवली आणि इथवर आली. हे ती सांगते तेव्हा भिंतीशी उभे असलेले आम्ही सगळे जरा सरळ होतो.

"ताई, तुमच्या ब्रेकच्या लायटीपण लागत नाहीत," पोरगा मागून ओरडतो.

"मला कसं कळणार?"

तेच तर.

उस्ताद तिला समजावतात. हिच्या स्विचला चार पिना आहेत. दोन दिव्यांच्या, दोन कॉम्प्युटरच्या. ऑटोमॅटिक गाडी ब्रेकवर पाय असल्याची खात्री पटल्याशिवाय दांडी सोडत नाही, आणि ती खात्री देणारा हाच एक साक्षीदार. तो खोटं बोलला की गाडी हटून बसते. बटण दाबून चालू होणाऱ्या गाड्या तर चालूच होत नाहीत. लोक बॅटरी बदलतात, चावीतला सेल बदलतात. वेग धरून ठेवणारी सोय असली तर तीही चालेनाशी होते. "आधी मागं जाऊन लाईट बघायची," उस्ताद म्हणतात. "फुकटचं काम आहे."

तिची गाडी सुटते. माझा नंबर.

चपला काढल्या जातात. पाय बाहेर, धड आत. डॅशबोर्डखाली हवा नाहीच. त्यांच्या मानेवरचा घाम उलट्या बाजूने, कपाळाकडे वाहतो. मी दाराशी बसून बघतो. क्लचच्या शेजारचं पेडल, त्याच्या वरच्या टोकाशी लोखंडी पट्टी, पट्टीत बसलेला काळा प्लास्टिकचा तुकडा, अंगठ्याएवढा. त्यातून दोन वायरी निघतात. इतकंच. बारा वर्षांत मी इथे एकदाही वाकून बघितलेलं नाही.

टेस्ट लॅम्प म्हणजे त्यांनी स्वतः बनवलेली वस्तू आहे. होल्डरमध्ये एक बल्ब, दोन वायरी, एकीला चिमटा, दुसरीला सुई. चिमटा गाडीच्या उघड्या लोखंडाला. सुई पहिल्या वायरीला टोचली, बल्ब लागला. माझी चावी खिशात आहे, तरी लागला. या वायरीत करंट कायम असतो, म्हणूनच बहुतेक गाड्यांच्या ब्रेकच्या लायटी गाडी बंद असतानाही लागतात. आता सुई दुसऱ्या वायरीला. पेडल हाताने दाबलं. बल्ब काळा. पुन्हा दाबलं. काळा.

"करंट येतोय, पुढं जात नाहीये."

मग ते कपलर उपसतात, खिशातून वायरीचा बोटभर तुकडा काढतात आणि कपलरच्या दोन तोंडांत खोचतात. स्विच गाळून सरळ जोड.

"लागली!" पोरगा ओरडतो. "तिन्ही लागल्या!"

संपलं. निदान एवढंच. फुटपाथवर बसलेले दोघे-तिघे अनोळखी लोकही माझ्या गाडीच्या मागच्या बाजूकडे बघतायत. मीही उठून जातो आणि बारा वर्षांत पहिल्यांदा, भर उन्हात, आपल्या गाडीचे ब्रेकचे दिवे नीट बघतो. चांगले आहेत. काचेतला तिसरा जरा फिका. अमेरिकेत या तिसऱ्या दिव्याची आधी टॅक्सींवर परीक्षा झाली, मागून धडकण्याचं प्रमाण घटलेलं दिसलं, आणि १९८६च्या मॉडेलपासून नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. आपल्याकडे त्याच्यावर 'आईचा आशीर्वाद' चिकटवायची पद्धत आहे. माझ्यावर नाही, पण समोरच्या गाडीवर आहे, आणि दिवा नेमका आशीर्वादामागे आहे.

स्विच हातात घेऊन मी दुकानाकडे जातो. चाळीस पावलं. काउंटरला चौघे आहेत आणि चौघे एकदम बोलतायत. एकाला क्लचची वायर, एकाला दाराचा हँडल. छतापर्यंत खोकी. शिडीवरचा माणूस खाली न बघता खोकी फेकतो, खालचा न बघता झेलतो. भिंतीवर पाटी: 'इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही.' खाली दुसऱ्या अक्षरात: 'खरंच नाही.'

"सँपल?"

मी स्विच पुढे करतो. दुकानदार तो उलटसुलट करतो, पिना मोजतो, बोंड नखाने दाबतो. "कुठल्या सालची? पेट्रोल?" शिडीला एक आकडा ओरडून सांगतो. दोन खोकी येतात. लोकल १५०, कंपनीचा ४५०. दिसायला जुळी भावंडं. लोकलचं बोंड दाबून बघतो, जरा खरखरतं. कंपनीचं गुळगुळीत आत जातं. मी ४५० मोजतो. त्यातले ३०० भीतीचे आहेत, हे मला आणि दुकानदाराला दोघांनाही माहीत आहे.

परत येतो तर उस्ताद चहा पीत बसलेत. माझ्यासाठीही कटिंग सांगितलाय. तेवढ्यात ते जुन्या स्विचच्या फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून तो फोडतात. आत तांब्याच्या दोन पट्ट्या, टोकाला बारीक टिकल्या. टिकल्या काजळासारख्या काळ्या. २१ वॅटचे दोन बल्ब आणि वरचा एक. १२ व्होल्टवर मिळून चार-पाच अँपिअर. जुळताना-सुटताना दर खेपेला या टिकल्यांवर डोळ्याला न दिसणारी ठिणगी उडते. सेव्हन लव्हजपासून इथवर चाळीस. बारा वर्षं. जीव केवढासा.

शेजारच्या स्टुलावर एक म्हातारबुवा बसलेत. आता काम करत नाहीत, पण रोज येतात. त्यांना विषय मिळतो. "आमच्या वेळी हात बाहेर काढायचा," ते म्हणतात आणि बसल्या जागी दाखवतात. उजवा हात आडवा, तळवा खाली, हळूहळू वर-खाली: वेग कमी करतोय. कोपरातून हात सरळ उभा: थांबतोय. १९८९च्या रस्त्याच्या नियमांतही या खुणा शब्दांत लिहिलेल्या होत्या. आता काचा बंद, एसी चालू. हात बाहेर येतो तो पार्किंगची पावती घ्यायला.

मी मनात हिशेब करतो. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. मागच्याला माझा लाल दिवा दिसला नाही आणि माझी गाडी मोठी होतेय हे कळायला त्याला एक सेकंद जास्त लागला, तर तेवढ्यात तो १२ मीटरच्या सिटी बसच्या लांबीहून जास्त पुढे आलेला असेल. साध्या बल्बची तार तापून पूर्ण उजळायलाच सेकंदाचा सुमारे पाचवा भाग जातो. एलईडीला तो लागत नाही. त्याच वेगाला फरक जवळजवळ ३ मीटरचा. चहा संपतो. पेल्याच्या तळाशी आल्याचा चोथा.

बसवायला दोन मिनिटं लागतात. स्विचचं बोंड पूर्ण बाहेर ओढायचं. डाव्या हाताने पेडल खाली दाबून धरायचं. उजव्या हाताने स्विच भोकात घालायचा आणि पाव फेरा फिरवायचा. मग पेडल हळूहळू वर सोडायचं.

टक्. टक्. टक्. टक्.

बोंडाला बारीक दात आहेत. पेडल त्याला ढकलत जातं आणि बरोबर हवी तेवढी लांबी ठरते. "हा एकदाच सेट होतो," आतून आवाज. "परत काढलात तर नवीन घ्यायचा." जुन्या धाटणीच्या स्विचला आटे असत आणि नटाने हाताने लांबी ठरवावी लागे. तो जास्त आत बसवला तर पेडल पूर्ण वर येत नसे, ब्रेक घासत राहत आणि घाट चढून आलेल्या गाडीच्या चाकांना हात लावता येत नसे. म्हातारबुवा हे सांगताना तेव्हाचा चटका आठवून बोटं झटकतात.

कपलर बसतो. कट्.

"बघ रे मागं."

उत्तर येत नाही. पोरगा कुठेतरी गेलाय, बहुतेक दुसऱ्या कुणासाठी स्टॉपर आणायला. आतला हात पेडल दाबून धरून बसलाय. म्हातारबुवा स्टुलावरून मान वळवतात, पण त्यांना तिथून दिसत नाही. मी मागे जातो. डावा, उजवा, मधला.

"लागली," मी म्हणतो. आवाज कंप्रेसरमध्ये बुडतो. पुन्हा ओरडतो. "लागली, उस्ताद!"

"सुटली?"

"सुटली."

मजुरीचे २०० रुपये. उस्ताद बाहेर येतात, चपला घालतात, पाठ दोन्ही हातांनी मागे दाबतात. सावली आता अगदी भिंतीला चिकटलीय. माझ्या मागे निळी गाडी लागलीय, बाईंची आहे. बाई हातातल्या पदराने वारा घेत उभ्या आहेत. उस्ताद त्यांचं दार उघडतात, चपला काढतात, आत वाकतात. पाय बाहेर येतात. पोरगा अजून आलेला नाही.

"काका," आतून आवाज येतो, "जाता जाता जरा मागं बघता?"

मी चावी खिशात टाकतो आणि निळ्या गाडीमागे जाऊन उभा राहतो.

"दाबलं."

"नाही."

"आता?"